गोष्ट कुणाच्या तोंडी आहे, ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पूर ओसरून तीन महिने झालेत, लोक अजून तात्पुरत्या निवाऱ्यांत आहेत. पैसे देणाऱ्या संस्थेनं सुचवलंय, की वस्तीत दोन दिवसांचं 'लोककथा आणि आठवणी' शिबिर घ्या, त्याचं चित्रीकरण करा, लोकांचं मन मोकळं होईल. विचारणाऱ्या कार्यकर्त्याला ते पटत नाही. डोक्यावर धड छप्पर नाही तिथं गोष्टी कसल्या सांगायला लावायच्या? लोकसाहित्यानं माणूस खरंच सावरतो, की हे सगळं अहवालाच्या मुखपृष्ठासाठी?

लोकसाहित्याचा उपयोग होतो, भरपूर होतो. शिबिराचा होईलच असं नाही. का, ते सांगते. जरा लांबेल.

आधी एक गैरसमज बाजूला करू. लोकसाहित्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आजीबाई आणि राजा-राणी येतात. आपत्तीनंतर ते वेगळ्याच वेषात हिंडत असतं. पाणी कुठून शिरलं याच्या दहा घरच्या दहा हकिगती, मदत वाटणाऱ्या साहेबाला पडलेलं टोपणनाव, 'मुद्दाम सोडलं पाणी' ही कुजबुज, पाहुण्याला भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवायची ठरून गेलेली पद्धत, रांगेतले विनोद, कुणासमोर कोणाचं नाव काढायचं नाही याचे न बोललेले नियम. हे सगळं लोकसाहित्यच. ते पहिल्या रात्रीपासून तयार व्हायला लागतं आणि त्यासाठी कुणी तज्ज्ञ लागत नाही. तेव्हा ते वस्तीत घेऊन जायचा प्रश्नच येत नाही. ते तुमच्या आधी पोचलेलं असतं.

मला हे कळायला वेळ लागला. पुनर्वसनाच्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी रेकॉर्डर आणि छापील प्रश्नावली घेऊन निवाऱ्यांमधून फिरायचे. एक बाई फाटक्या ताडपत्रीला टाके घालत बसली होती. मी विचारलं, "त्या दिवशी काय झालं?" तिनं मान वर न करता सांगितलं: पाणी रात्री आलं, घर गेलं, दोन शेळ्या गेल्या, नवऱ्याचा पाय मोडला, नोंद झालीय, पैसे आले नाहीत. चार मिनिटांत मुलाखत संपली. संध्याकाळी टँकरच्या रांगेत मी तिच्या मागं दोन माणसं सोडून उभी होते. पुढच्या गल्लीतली एक बाई तिच्या शेजारी होती आणि आता हीच बाई हातवारे करून सांगत होती, की कपाट कसं म्हशीसारखं डुंबत दारातून निघालं, नवरा त्याला "अगं थांब, थांब" म्हणत कसा मागं गेला आणि त्या नादात पाय कसा मोडून घेतला. दोघी हसत होत्या. मग तिचा आवाज एकदम खाली गेला, दुसरीनं बादली खाली ठेवली आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

सकाळी तिनं मला जबानी दिली होती. गोष्ट तिनं रांगेतल्या बाईला सांगितली. मी नुकसानभरपाईच्या बाजूची माणूस होते, तर रांगेतली बाई तिच्यासारखीच भिजलेली. माझ्या पुढच्या सगळ्या कामाचं सार मला त्या रांगेत सापडलं. गोष्टीत औषध आहे की नाही हा प्रश्न नंतरचा, ती कोण कुणाला सांगतंय हा पहिला.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्समधून हजारो माणसं ह्यूस्टनला आली. तिथं कार्ल लिंडाल आणि पॅट जॅस्पर या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी एक प्रकल्प उभा केला, त्याचं वेगळेपण एवढंच, की मुलाखती घेणारे स्वतः वादळातून वाचलेले होते. अभ्यासकांनी त्यांना ध्वनिमुद्रण आणि ऐकायचं तंत्र शिकवलं, कामाचे पैसे दिले आणि स्वतः बाजूला झाले. शेकडो मुलाखती झाल्या. वृत्तवाहिन्यांनी त्या लोकांना एक तर लुटारू म्हणून दाखवलं होतं, नाहीतर असहाय बळी म्हणून. मुलाखतींत भलतीच माणसं भेटतात. शेजारच्या म्हाताऱ्याला हवेच्या गादीवर ओढत नेणारी, अनोळखी पोरांना सांभाळणारी, नाव नसलेल्या कुणाचे तरी उपकार फेडू पाहणारी. आपलं म्हणणं जगानं चुकीचं सांगितलं असेल, तर ते आपल्या माणसाला बरोबर सांगता येणं हीसुद्धा सावरण्यातलीच पायरी असते. आणि त्या पैशांकडे दुर्लक्ष करू नका. सगळं गमावलेल्या माणसाला तुझं ऐकणं हे कामाचं आहे आणि त्याला मोबदला आहे, असं सांगण्यानं जे होतं ते समुपदेशनाच्या पत्रकानं होत नाही.

'मन मोकळं होईल' या वाक्याबद्दलही बोलायला हवं, कारण शिबिराच्या प्रस्तावात ते हमखास असतं. एकेकाळी आपत्तीतून आलेल्या माणसांना लगेच बसवून सगळं बोलायला लावायची पद्धत होती. तिच्या चाचण्यांचा आढावा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेनं २००२ मध्ये काढला. अशा एका बैठकीनं पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काही चाचण्यांत तर तो वाढलेला दिसला, म्हणून सक्तीच्या बैठका बंद कराव्यात, असं त्यात म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही तेच सांगते: ऐका, पण खोदू नका. कॅमेऱ्यासमोर रांगेनं 'आता तुम्ही सांगा' हे खोदणंच झालं.

मग लोककथा वेगळं काय करते? ती माणसाला आडवाटेनं जाऊ देते. सरळ 'माझं पोर गेलं' म्हणता येत नाही, पण 'त्या वळणावर रात्री एक पोर दिसतं म्हणे' असं म्हणता येतं. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या इशिनोमाकी शहरात काही टॅक्सीचालक अशा प्रवाशांबद्दल सांगायचे, जे उजाड झालेल्या भागाचा पत्ता देतात आणि पोचेपर्यंत मागच्या सीटवरून नाहीसे होतात. बाहेरचा माणूस याला भुताटकी म्हणून मोकळा होईल. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सांगणाऱ्यांच्या बोलण्यात भीती कमी आणि आदर जास्त होता. अजून घरी पोचायचं राहिलेल्या माणसांना घरापर्यंत सोडणं हेच तर त्यांचं काम.

त्याच किनाऱ्यावर ओत्सुची गावात टेकडीवरच्या बागेत तार न जोडलेला एक टेलिफोन आहे, त्याला 'वाऱ्याचा फोन' म्हणतात. मालकानं तो त्सुनामीच्या आधी, स्वतःच्या एका नातलगाच्या दुःखात बसवला होता. त्सुनामीनंतर लोक तिथं येऊन आपल्या मृत माणसांशी त्यावर बोलायला लागले. कुणी योजना आखली नाही, कुणी उद्घाटन केलं नाही. पुढं जगात इतर ठिकाणीही तसे फोन उभे राहिले. नवी लोकरीत जन्माला येते ती अशी.

हसण्याचंही तसंच. आपत्तीनंतरचे विनोद ऐकून अधिकारी बिचकतात, 'लोकांना गांभीर्य नाही' म्हणतात. त्यांना मी १८५५ च्या एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, भूकंपाची गोष्ट सांगते. जमिनीखाली एक प्रचंड मागूर मासा असतो, काशिमाचा देव त्याला दगडानं दाबून ठेवतो, अशी तिथली समजूत. भूकंप झाला तो महिना सगळे देव दूरच्या इझुमोच्या देवळात जमायचा. म्हणजे पहारेकरी रजेवर आणि ज्याच्यावर सोपवून गेले तो एबिसू देव डुलक्या घेत बसलेला! थोड्याच दिवसांत या माशाची शेकडो निनावी छापील चित्रं बाजारात आली. एका प्रकारच्या चित्रांत लोक माशाला बडवतायत आणि सुतार, गवंडी मात्र हात राखून आहेत, कारण त्यांना आता वर्षभर काम मिळणार. दुसऱ्या प्रकारात शेटजी सोन्याची नाणी ओकतायत आणि गरीब ती गोळा करतायत. हसता हसता तिथं अख्खा हिशेब मांडला गेलाय: कोण बुडालं, कोण तरलं, पैसा कुठून कुठं चाललाय आणि देव नेमके कुठं होते. दोनेक महिन्यांत सरकारनं त्या चित्रांवर बंदी घातली. सरकारला तो विनोद नीट कळला होता, असंच म्हणायला हवं.

आता अफवांकडे येते. पुनर्वसनाच्या कामात लोकसाहित्याचा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे.

कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्सच्या गरीब, कृष्णवर्णीय वस्तीत अनेकजण ठामपणे सांगत होते, की बंधारा फुटला नाही, सुरुंग लावून उडवला. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. २००५ मध्ये बंधारा कुणी उडवला नव्हता, पूरभिंतींचे आराखडेच चुकले होते, हे अभियंत्यांच्या चौकशीत निघालं. पण २९ एप्रिल १९२७ रोजी, मिसिसिपीच्या महापुरात, शहर वाचवायला कार्नार्व्हनचा बंधारा खरोखर सुरुंगानं उडवला होता. सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स हे खालचे भाग पाण्याखाली गेले. भरपाईचं वचन दिलं होतं, बहुतेकांच्या हाती फारसं काही लागलं नाही. १९६५ च्या बेट्सी वादळात तीच कुजबुज पुन्हा उठली आणि २००५ मध्ये पुन्हा. म्हणजे लोक घटनेबद्दल चुकत होते, पण आपण कुणाच्या हिशेबात बसतो याबद्दल ते चुकत नव्हते. अशा वस्तीत जाऊन तुम्ही 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असा फलक लावलात, तर तुमच्या पुढच्या सगळ्या फलकांवरचा विश्वास त्याच दिवशी जातो. त्यापेक्षा बसून विचारा, "हे पूर्वी कधी झालं होतं का?" नव्वद टक्के वेळा तुम्हाला एखाद्या जुन्या, न मिटलेल्या तक्रारीचा पत्ता लागेल. (टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, कुठं उद्धृत करू नका.)

पण सगळ्याच अफवा अशा गोंजारायच्या नसतात, हेही तितकंच ठासून सांगते. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्यो-योकोहामा परिसरात 'कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत, आगी लावतायत' अशी वावडी उठली. टोळ्यांनी रस्ते अडवले, येणाऱ्याजाणाऱ्याला 'पंधरा येन पन्नास सेन' हे कोरियन जिभेला अवघड जाणारे जपानी शब्द म्हणायला लावले आणि ज्याचा उच्चार अडखळला त्याला मारलं. हजारो कोरियन माणसं मारली गेली. हेसुद्धा लोकसाहित्यच होतं, तोंडोतोंडी पसरलेलं, निनावी, सगळ्यांना पटलेलं. ज्यांना लोकपरंपरा म्हटली की गहिवर येतो, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

दोन्हींत फरक कसा ओळखायचा? मी एक साधी कसोटी वापरते. गोष्ट सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या दुःखाबद्दल आहे आणि बोट आपल्यापेक्षा बलवानाकडे आहे, तर ऐका, नोंदवा, शोध घ्या. ती पलीकडच्या गल्लीतल्या, आपल्यापेक्षा दुबळ्या माणसांबद्दल आहे, तर त्याच तासाला हालचाल करा, आणि खंडन बाहेरच्या अधिकाऱ्याकडून नको, वस्तीत ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्याकडून करवा. कसोटी अचूक नाही, पण आजवर माझ्या कामी आलीय.

आठवण टिकवण्याच्या बाबतीत सिमेउलुए बेटाचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेलच, कुठल्याही परिसंवादात ते येतं. १९०७ च्या त्सुनामीनंतर या इंडोनेशियन बेटावरच्या लोकांनी 'स्मोंग' हा शब्द गोष्टींत आणि गाण्यांत गुंफला: जमीन जोरात हलली, समुद्र मागं सरला, की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर सातच माणसं दगावली, तर त्याच आचेह प्रांताच्या समोरच्या मुख्य भूमीवर दीड लाखाहून अधिक. परिसंवादवाले याला पूर्वसूचना यंत्रणा म्हणतात. माझं लक्ष जातं ते १९०७ नंतरच्या त्या पहिल्या पिढीकडे. तेव्हा ती यंत्रणा नव्हती. घरातली माणसं गेलेल्या लोकांनी उरलेल्या मुलांसाठी केलेलं ते काहीतरी होतं. दुःखाला काम मिळालं, आणि ते सत्त्याण्णव वर्षांनी उपयोगी पडलं.

गोष्ट काय टिकवते आणि काय गाळते, यावर मात्र डोळा हवा. हे शिकायला जपानच्या हिरो गावासारखं उदाहरण नाही. प्रसिद्ध गोष्ट अशी: डोंगरावर राहणाऱ्या एका वृद्ध श्रीमंताला समुद्र मागं सरताना दिसतो, तो आपल्या भाताच्या गंजींना आग लावतो, आग विझवायला सगळं गाव वर धावतं आणि वाचतं. लाफ्काडिओ हर्न या लेखकानं १८९७ मध्ये ती इंग्रजीत रंगवली, पुढं १९३७ ते १९४७ जपानी शाळांच्या क्रमिक पुस्तकात ती होती. खरा माणूस, हामागुची गोर्यो, १८५४ च्या त्या त्सुनामीच्या वेळी पस्तिशीतला होता. गंजी त्यानं पेटवल्या त्या पहिल्या लाटेनंतर, अंधारात चाचपडणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून. एवढा फेरफार चालायचाच, गोष्ट म्हटलं की माणूस म्हातारा होतो आणि डोंगर उंच. मला खटकतं ते गोष्टीनं पूर्ण गाळलेलं प्रकरण. घरं, होड्या, अवजारं गेलेले लोक गाव सोडून जायला निघाले होते. हामागुचीनं पदरच्या पैशानं समुद्रकाठी बांध घालायला घेतला आणि त्यावर गावकऱ्यांनाच रोजंदारीनं लावलं. जवळजवळ चार वर्षं काम चाललं. सहाशे मीटरहून लांब, पाच मीटर उंच बांध झाला, पुढ्यात झाडं लावली. १९४६ च्या त्सुनामीत त्या बांधानं गावाचा बराचसा भाग वाचवला.

आग एका रात्रीची आणि बांध चार वर्षांचा, पण पुस्तकात आग गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला तोही आगीच्या तारखेवरूनच. पण गावानं आपली वेगळी सोय केली होती. १९०३ पासून तिथं दर नोव्हेंबरला त्सुनामीचा उत्सव होतो आणि त्यात गावकरी, शाळेतली पोरं, ओंजळभर माती नेऊन त्या बांधावर टाकतात. सावरण्याची गोष्ट तोंडानं सांगायला रटाळ असते. त्यात नायक नाही, चढती लाट नाही, नुसती रोजंदारी. तिला हाताची गोष्ट करावी लागते.

आता तुमच्या प्रस्तावाकडे. शिबिर रद्द करा असं मी म्हणत नाही, पैसे आलेत तर ते वळवा. वस्तीतल्या चार-पाच जणांना, त्यात दोन बाया आणि एखादं कॉलेजातलं पोर असू द्या, ध्वनिमुद्रण शिकवा आणि त्यांना महिन्याचा पगार द्या. कुणाला विचारायचं, काय विचारायचं, काय मिटवून टाकायचं, हे ते ठरवतील. मुद्रणाची पहिली प्रत सांगणाऱ्याच्या घरी जाईल, संस्थेकडे काय जाईल ते त्याच्या संमतीनं, आणि संमती नंतर मागं घेता येईल. चित्रीकरण टाळा. आवाज पुरे. चेहरा आला की माणूस बाहेरच्यासाठी बोलायला लागतो.

वस्तीचा नकाशा काढताना निवाऱ्यांच्या रांगांना लोकांनी दिलेली नावं लिहून घ्या. एका ठिकाणी आमच्या कागदावर 'रांग क' होती, लोक तिला 'उशिराची गल्ली' म्हणायचे, कारण तिथं सगळं शेवटी पोचायचं. हे आम्हाला आमच्या कुठल्याच सर्वेक्षणानं सांगितलं नव्हतं. वाटपाचा क्रम फिरवला, नाव मात्र राहिलं.

आणि वाद्यांची चौकशी करा. २०११ नंतर जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर हरणनृत्य, वाघनृत्य करणाऱ्या गटांचे मुखवटे आणि ढोल वाहून गेले होते. लोकांनी ढिगाऱ्यांतून ते शोधले, जे सापडले नाहीत ते देणग्यांतून पुन्हा करवून घेतले. गट पांगलेले, कोण कुठल्या तात्पुरत्या घरात, पण सरावासाठी माणसं लांबून यायची, आणि त्या निमित्तानं कोण कसं आहे हे कळायचं. हरणनृत्य तर मृतांच्या शांतीसाठी होतं, म्हणजे ते पुढं ढकलण्यासारखं नव्हतंच. तुमच्या वस्तीत काय वाजत होतं, काय नाचलं जात होतं, ते कुणाच्या घरी ठेवलेलं असायचं, ते घर आता कुठंय, एवढं विचारा. ढोल गेला असेल तर तो 'सांस्कृतिक कार्यक्रम' या शीर्षाखाली मागू नका, तिथं पहिली कात्री लागते. अवजारं आणि साधनांची भरपाई या रकान्यात घाला, सुताराच्या रंध्याच्या खालच्या ओळीत.